सोमवारी बारापर्यंत पेन्सिल

१ मे १९४९, रविवार

थॅडियस क्रोलने आज मिलर्सचं स्कोअरबुक माझ्या हवाली केलं आणि वर ही कोरी वही दिली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"स्कोअरबुकात शंका लिहायला जागा नसते, ओरिन. ती इथे लिहायची. मी सत्तावीस वर्षं लिहिली. नऊ वह्या भरल्या, पण कुणाशी भांडण म्हणून झालं नाही."

थॅडियस आमच्या विलो फोर्कचा जुना पोस्टमास्तर, आणि गावच्या बेसबॉल संघाचा, म्हणजे मिलर्सचा, स्कोअरर. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेत. बॅटच्या आवाजावरून चेंडू कुठे गेला हे तो अजून अचूक सांगतो, पण कुणाच्या हातून निसटला हे त्याला दिसत नाही, आणि स्कोअररचं खरं काम तिथेच असतं. फलंदाजाने मारलेला चेंडू साध्या मेहनतीने अडवता आला असता आणि खेळाडूने सोडला, तर ती त्या खेळाडूची चूक. कुणाच्या बापाला अडला नसता, तर ती हिट. दोन्हींत फलंदाज बेसवर पोचतोच. पण कुणाचं नाव खराब व्हायचं, पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं, की क्षेत्ररक्षकाचं, हे स्कोअररच्या पेन्सिलीवर असतं.

"खेळाडूचं कधी ऐकायचं नाही," थॅडियस म्हणाला. "रडला तरी नाही. सोमवारी बारापर्यंत पेन्सिल. बारा वाजता शाई, आणि बारा-वीसच्या गाडीने पान लीगच्या ऑफिसात. शाई लागली की मग देव आला तरी बदल नाही."

मला हे काम दिलं, कारण मी औषधवाला. माझ्या हातून गुंजभर पावडर इकडची तिकडे होत नाही हे गावाला माहीत आहे. शिवाय तरुणपणी मी स्वतः मिलर्सकडून डाव्या मैदानात खेळलोय आणि बरा खेळलोय. लोक अजून तेवीस सालचा तो एक सुटलेला झेल काढतात, पण त्या दिवशी डोळ्यांवर ऊन आलं होतं. माझी बायको एल्सीसुद्धा म्हणायची, फार ऊन होतं त्या दिवशी.

आजचा सामना नऊ-चारने हरलो. निर्णयात शंका एकही नाही. वही उगाच दिली.

८ मे, रविवार

जिंकलो. चर्चमध्ये रेव्हरंडनी प्रवचन अकरा मिनिटांत आटोपलं, त्यामुळे सगळे पोटभर जेवून मैदानावर आले.

माझ्या मुलीने, विनीने, आज ट्रंकेतून आईची गवती टोपी काढली. कडेने लाल चेरी लावलेल्या आहेत, लाकडाच्या. एल्सीला जाऊन तीन वर्षं झाली. ती टोपी घालून विनी स्टँडच्या पायऱ्या चढताना दिसली आणि माझी पेन्सिल क्षणभर थांबली. वीस वर्षांची मुलगी कधी बेसबॉलला फिरकत नव्हती, आता आपण होऊन येतेय, तर टोपीवरून कशाला बोला?

१७ मे, मंगळवार

लिओ कुबात आज पुन्हा दुकानात आला. आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहतो तो. बावीस वर्षांचा, गावाबाहेरच्या चेक लोकांच्या शेतावरचा. दातांची पेस्ट घेतली. मागच्या मंगळवारीही तीच घेतली होती. दुकानातच थंड पेयांचा, म्हणजे सोड्याचा काउंटर आहे, तिथे विनी असते. तिने त्याला माल्टेड दूध करून दिलं आणि ते त्याने अर्धा तास पुरवलं. दाताची काळजी घेणारा तरुण आजकाल विरळाच.

५ जून, रविवार

वही लागली एकदाची. क्लीटस न्हावी आमच्या दुसऱ्या बेसवर खेळतो. त्याच्या दोन पायांमधून चेंडू गेला. मी चूक दिली.

"ओरिन, अरे तो चेंडू उसळला नाही! मी काय करणार?"

"क्लीटस, उसळला नाही म्हणूनच तो अडवायचा होता."

शंका आहे का? थोडी आहे. पण त्याचा चेहरा पाहून वाढलेली आहे, चेंडू पाहून नव्हे.

७ जून, मंगळवार

क्लीटसकडे केस कापले. डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्धा इंच वर. स्कोअररने हे सोसायचं असतं, असं थॅडियस म्हणाला. त्याचे सत्तावीस वर्षं कल्ले वाकडेच होते म्हणे.

१९ जून, रविवार

पाहुण्या संघाने आमच्या मैदानावरून कटकट केली. दर वर्षी करतात. आमचं मैदान उलटं आहे. सरळ आखलं असतं, तर प्रत्येक लांब फटका धान्याच्या कोठारावर जाऊन खिडक्या फुटल्या असत्या, आणि चाळीस वर्षांपूर्वी कोठाराचा मालक खमका होता. त्यामुळे दुपार कलली की ऊन फलंदाजाच्या थेट डोळ्यांत आणि सगळ्या क्षेत्ररक्षकांच्या पाठीला. पाहुण्यांना मी म्हटलं, आमचेही फलंदाजी करतातच की तिथूनच!

लिओने आज तीन अवघड चेंडू अडवले. या हंगामात त्याची एकही चूक नाही. मागच्या वर्षीचे शेवटचे सामने धरले तर सलग एकवीस झाले. लीगचा विक्रम तीसचा आहे.

४ जुलै, सोमवार

सुट्टीचा सामना, सफरचंद भरून भाजलेले गोड पाय आणि फटाके. धान्य-पेंडवाल्याने संघाला ध्वनिक्षेपक भेट दिला. गाडीच्या बॅटरीवर चालतो. बोलणार कोण? स्कोअरर! माझा आवाज कोठारावर आपटून परत येतो आणि अख्ख्या मेन स्ट्रीटला ऐकू जातो. मला आवडलं. कळ जरा घट्ट आहे, बंद झाली की नाही ते कळत नाही.

रूफस डंकेलने नऊ डाव पिचिंग केलं आणि वर गावातल्या मुलांना खांद्यावर बसवून फटाके दाखवले. रूफस एक्केचाळीसचा. आठवडाभर गावाला भुशात ठेवलेला बर्फ पोचवतो, रविवारी चेंडू फेकतो. आता घरोघरी विजेची थंड कपाटं येतायत, तेव्हा बर्फ आणि बेसबॉल दोन्ही एकदमच सोडतो म्हणाला. ऑगस्टअखेर त्याचा शेवटचा सामना. एकोणतीस साली याला वरच्या लीगने बोलावलं होतं. त्याच आठवड्यात बाप वारला आणि बर्फाची गाडी गळ्यात पडली. त्याबद्दल तो कधी बोलत नाही, म्हणून मीही इथेच लिहितो.

१४ ऑगस्ट, रविवार

लिओ: एकोणतीस सामने, चूक शून्य.

पेस्टच्या ट्यूबा: पाच. मी आज विनीला म्हटलं, याचे दात लीगमधले सगळ्यांत स्वच्छ असतील. ती इतकी हसली की काउंटर पुसायचं फडकं खाली पडलं. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

२१ ऑगस्ट, रविवार

तीस. विक्रमाशी बरोबरी झाली. पुढच्या रविवारी प्लम ग्रोव्हविरुद्ध चूक झाली नाही, तर एकतीस.

२७ ऑगस्ट, शनिवार

दुकानात एक तपकिरी सुटातला माणूस आला. लिंबाचा सोडा प्यायला. वरच्या लीगसाठी खेळाडू हेरत हिंडणारा. गाव लगेच कुजबुजायला लागलं. मी त्याला विक्रमाचं सांगितलं. तो नुसता "हं" म्हणाला आणि गाड्यांचं वेळापत्रक मागितलं.

२८ ऑगस्ट, रविवार

घाईने लिहितोय. अक्षराकडे बघू नये.

रूफसचा शेवटचा सामना, त्यामुळे चारशे माणूस. तपकिरी सूट तिसऱ्या रांगेत. विनी स्टँडच्या टोकाला, तिसऱ्या बेसच्या मागे, चेरीची टोपी घालून. माझ्या शेजारी थॅडियस.

पाचव्या डावात लिओ पार गवताच्या कडेपर्यंत धावत गेला, आडवा पडला आणि गुडघ्यांवरूनच चेंडू फेकून माणूस बाद केला. तपकिरी सुटाने तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहिलं. त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की आपल्या बाकावर रूफसजवळ कुणी बसत नाहीये. तो टोकाला एकटाच, टोपी डोळ्यांवर ओढून. मी पानावर नजर टाकली. प्लम ग्रोव्हला एकही हिट नव्हती.

आमच्यात अशा वेळी ते शब्द तोंडातून काढत नाहीत, काढले की हिट बसते म्हणतात. पिचरशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, बसलेली जागा सोडायची नाही. पोर बोललं तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते. रेव्हरंडच्या बायकोने ओव्हनमध्ये मांस ठेवलं होतं, तिला चौथ्या डावातच घरी जायचं होतं. बिचारी जागची हलली नाही. विलो फोर्कच्या चाळीस वर्षांत एकही हिट न देता अख्खा सामना कुणीच फेकलेला नाही, आणि रूफसकडे आता फेकायला दुसरा सामना नव्हता.

थॅडियसला दर डावानंतर आकडे लागतात. मी शहाणपणाने त्याच्या तळहातावर बोटाने शून्य काढत होतो. सात डाव झाले. मिलर्स दोन, प्लम ग्रोव्ह शून्य. मी ध्वनिक्षेपकावरून धावा तेवढ्या सांगितल्या आणि कळ बंद केली. केली असं मला वाटलं.

आठवा डाव सुरू होताना थॅडियसने विचारलं, "किती?" त्याच्या एका हातात लेमोनेड, दुसऱ्यात सफरचंदाच्या पायचा तुकडा. शून्य काढायचं कुठे? मी त्याच्या कानाशी वाकलो आणि अगदी हळू म्हटलं, "अजून एकही हिट नाही."

कोठारावरून आवाज परत आला: एकही हिट नाही.

चारशे डोकी माझ्याकडे वळली. मैदानाच्या मधोमध रूफसने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. क्लीटस दुसऱ्या बेसवरून ओरडला, "अरे कुणीतरी त्या औषधवाल्याच्या तोंडात बूच मारा!" मी टेबलाखाली घुसून ती मेली कळ शोधत होतो. तेवढ्यात बॅट कडाडली.

"शॉर्टस्टॉपकडे!" थॅडियस म्हणाला.

मी डोकं वर काढलं तेव्हा चेंडू लिओच्या ग्लोव्हच्या टोकाला लागून, त्याच्या खांद्यावरून, डाव्या मैदानात चालला होता. फलंदाज पहिल्या बेसवर.

"काय देतोस?" थॅडियसने विचारलं.

चेंडू खांद्याच्या उंचीवर होता म्हणजे आडवातिडवा उसळला असणार. असा कुणाला अडतो? मी हिट दिली.

पुढचे सगळे रूफसने एकामागून एक बाद केले. जिंकलो दोन-शून्य. टाळ्या कशाबशा वाजल्या, आणि मग गाव माझ्या टेबलाभोवती जमलं.

"डोळे फुटले होते का तुझे?"

"अपशकुन करायचा तो केलास, वर हिटही दिलीस?"

"माझं मांस जळलं, मिस्टर हॅवरकँप," रेव्हरंडची बायको म्हणाली. "आणि ते कशासाठी, तर एका हिटसाठी."

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. तेव्हा अख्खं मैदान माझ्याकडे बघत होतं. तरी चेंडू कसा आला, कुठे पडला, किती उसळला, हे प्रत्येक जण शपथेवर सांगतोय. आणि खरं म्हणजे मीही तो अर्धाच पाहिलाय.

लिओ रूफसची माफी मागताना कानावर आलं. "ऊन आलं रे डोळ्यांवर," तो म्हणत होता. "कसलं ऊन, खडा लागला चेंडूला," रूफस म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. पोरगा भांबावला असणार. ऊन तर त्याच्या पाठीला होतं.

निर्णय अजून पेन्सिलीत आहे. चूक म्हटलं, तर रूफसचा सामना अख्ख्या लीगच्या पुस्तकात कायमचा राहतो आणि लिओचा विक्रम तिसावरच अडतो, तेही त्या तपकिरी सुटादेखत. हिट म्हटलं तर उलट. दोघांपैकी कुणाचं काढून कुणाला देऊ? मला हे काम नको होतं.

२९ ऑगस्ट, सोमवार. सकाळचे दहा

सकाळपासून दुकानात गिऱ्हाईक नाही. सोड्याला हात लावायला कुणी तयार नाही. जळलेलं मांस मात्र रुमालात बांधून दारात ठेवलेलं होतं.

न्याहारीला विनी म्हणाली, "पपा, ती चूक होती."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"सगळे तुमच्याकडे बघत होते. मी नव्हते बघत. मी लिओकडे बघत होते. चेंडू सरळ त्याच्याकडे आला आणि त्याने पाऊलच उशिरा उचललं. त्याचं लक्षच नव्हतं."

"मग कुठे होतं लक्ष?"

ती टोस्टकडे वळली. "टोपीकडे," म्हणाली, आणि तिने टोस्ट जाळला.

रंग फारच भडक आहे त्या चेरींचा. मी तिला सांगितलं, उद्यापासून ती टोपी मैदानावर घालायची नाही. तिची साक्ष मी बाजूला ठेवली. तिला लहानपणापासून रूफसचा लळा आहे, त्याच्या बाजूने बोलणारच.

आठ वाजता रूफस बर्फ टाकायला आला. लादी उतरवली आणि खिशातून एक खडा काढून काउंटरवर ठेवला.

"हा बघ. शॉर्टस्टॉपच्या जागी सापडला. यालाच लागून उसळला चेंडू. हिट ती हिटच. उगाच खाडाखोड करू नकोस."

"खेळाडूचं ऐकायचं नाही असा नियम आहे, रूफस."

"मी कुठे बोलतोय? खडा बोलतोय." मग दारात वळून म्हणाला, "ओरिन, मला या वयात कागदावर नाव काय करायचंय? त्या पोराला बोलावणं यायचंय. बोलावणं येतं तेव्हा जाता आलं पाहिजे रे माणसाला."

खडा गार होता आणि ओला. त्याला लाकडाचा भुसा चिकटलेला. मैदानावर भुसा कुठून आला?

साडेनऊला लिओ. रात्रभर न झोपल्यासारखा.

"मिस्टर हॅवरकँप, ती चूक होती. माझी."

"खेळाडूचं ऐकत नाही मी."

"नका ऐकू. मी या काउंटरला सांगतो." आणि खरंच काउंटरकडे बघून बोलायला लागला. "चेंडू सरळ होता. खडाबिडा काही नव्हता. मी पाऊल उशिरा टाकलं, मग घाईने ग्लोव्ह वर मारला आणि चेंडू टोकाला लागून उडाला. रूफसचा सामना माझ्यामुळे बुडाला, आणि तो मला थाप मारून जातो. हे मला सहन होत नाही."

"विक्रम जाईल तुझा. आणि तो माणूस तुला नावं ठेवेल."

"माहीत आहे."

"मग बघत कुठे होतास तू?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. पेस्टची ट्यूब मागितली आणि ती काउंटरवरच विसरून गेला.

एक म्हणतो माझी चूक लिही, दुसरा म्हणतो माझी हिट लिही. असल्या दोघांच्या मध्ये कुणाला बसवू नये. नियमाने दोघांचंही ऐकता येत नाही, आणि प्रेक्षक सगळे मला बघत होते. बाराला दोन तास आहेत.

सव्वाअकरा

एल्सी प्रत्येक सामन्याला स्टँडमध्ये बसून स्वतःचं स्कोअरबुक लिहायची, लग्नाच्या आधीपासून. खड्याला लागून उसळलेले चेंडू ती हिट धरायची की चूक ते बघावं म्हणून मी तिच्या वह्या काढल्या. एकवीस, बावीस. मग तेवीस. रविवार, १७ जून. माझा झेल.

पानावर माझ्या नावाची चूक होती, ती असणारच. पण शेजारी समासात तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. सव्वीस वर्षांत मी हे पान कधी उघडलं नव्हतं.

"ऊन आलं म्हणतो. ऊन त्याच्या पाठीला होतं. माझ्याकडे बघत होता. आज नवी टोपी घातली होती, चेरीवाली. चूक निम्मी माझी."

मी इतकी वर्षं लोकांना ऊन सांगत आलो. आपल्याच या उलट्या मैदानावर! ऐकणाऱ्यांनी काय काय समजून घेतलं असेल. एल्सीलाही ऊनच सांगितलं, पन्नास वेळा, आणि दर वेळी ती विणकामातून मान वर न करता म्हणायची, "हो, फार ऊन होतं."

मी काउंटरमागच्या स्टुलावर बसून रडलो आणि मग हसत सुटलो. गिऱ्हाईक नव्हतं ते बरंच झालं. समोर लिओची ट्यूब पडलेली. ऊन. टोपी. पेस्ट. अरे औषधवाल्या! अरे गाढवा!

विनीची साक्ष मी रूफसच्या लळ्यापायी खोटी धरली होती. पण मुलगी आपल्याच माणसाच्या विरुद्ध साक्ष देत होती. त्या चेंडूची याहून खरी साक्ष कुठून मिळणार?

दुपारी दोन

बाराला सात मिनिटं असताना हिट खोडली. कागद पातळ झाला, पण फाटला नाही. शाईने लिहिलं: आठवा डाव, चूक, शॉर्टस्टॉप. पान टपालात टाकलं. मग थॅडियसचा हात धरून मैदानावर गेलो.

"काय लिहिलंस?" त्याने वाटेत विचारलं.

"सांगतो. सगळ्यांना एकदमच सांगतो."

मैदान रिकामं होतं. बॅटरी जोडली, कळ लावली, आणि या वेळी ती लागली आहे हे दोनदा तपासलं.

"लक्ष द्या," मी म्हटलं. कोठाराने ते मेन स्ट्रीटला सांगितलं. "कालचा सामना. मिलर्स दोन, प्लम ग्रोव्ह शून्य. आठव्या डावात शॉर्टस्टॉपची चूक एक. प्लम ग्रोव्हच्या हिट..."

मी थांबलो. कधी थांबायचं हे रेव्हरंडकडून शिकलोय.

"एकही नाही."

थॅडियस शेजारी टोपी काढून उभा राहिला. मग कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवला, मग दुसऱ्याने, मग चर्चची घंटा. क्लीटस गळ्याला साबण लावलेलं गिऱ्हाईक मागे घेऊन रस्त्याने धावत आला. सगळ्यांच्या पुढे रूफसची बर्फाची गाडी, पाणी गाळत, थेट मैदानात.

"तुला खडा दिला होता ना मी!" तो उतरता उतरता ओरडला.

"त्याला तुझ्या बर्फाचा भुसा चिकटलाय, रूफस."

तो गाडीपाशीच थबकला. सहा फूट दोन इंचांचा माणूस, दोन्ही हात खाली सोडून.

"सांग परत," तो म्हणाला.

"एकही नाही."

"परत."

"एकही हिट नाही, रूफस. शाईने."

त्याने मला उचललं. माझी कंबर दुखतेय, पण चालेल. मागून लिओ आला, आणि रूफसने त्याला शिव्या घालत दुसऱ्या हातात उचललं.

३० ऑगस्ट, मंगळवार

दुकान सकाळपासून भरलेलं. क्लीटसने डावा कल्ला फुकट सारखा करून दिला. रेव्हरंडच्या बायकोने सफरचंदाचा पाय पाठवला आणि वर निरोप, की मांसाचं विसरा.

दुपारी लिओच्या नावाने तार आली. वसंतात वरच्या लीगच्या संघाकडे हजर व्हायचंय. मी स्टेशनमास्तरला सहज विचारलं, तर तपकिरी सूट रविवारी चार-दहाच्या गाडीने गेला म्हणे. आठवा डाव सुरू झाला चार-पंचवीसला. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही खडे शोधले आणि रात्री जागवल्या, त्याने तो चेंडू पाहिलाच नव्हता. गवताच्या कडेवरची ती पाचव्या डावातली फेक बघून त्याचं काम झालं होतं.

वसंतात लिओ जाईल. एकटा जाणार नाही, हे आता मलाही कळतं. घरात एकच ताट लागेल. हे लिहिताना वाईट वाटतंय, आणि का कोण जाणे, शीळही घालावीशी वाटतेय.

चार वाजता दारावरची घंटी वाजली. लिओ. तार खिशातून डोकावत होती.

"पेस्ट हवी होती, मिस्टर हॅवरकँप."

मी कालची ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. "ही सातवी. लिओ, तुला दात आहेत तरी किती?"

त्याने ट्यूब घाईघाईने तारेच्याच खिशात कोंबली.

"विनी मागच्या ओट्यावर कणसं सोलतेय," मी म्हटलं. "सावलीत बसून टोपी घातलीय तिने. जा. तिकडे ऊन नाही, पण पायरी आहे, नीट बघून जा."

तो गेला, आणि पायरीवर धडपडल्याचा आवाज झाला. विनी खळखळून हसली. पुस्तकात याला जागा नाही, म्हणून इथे लिहितो, शाईने: चूक, लिओ कुबात. निम्मी एल्सीच्या टोपीची.